एकच व्हिडिओ सगळीकडे टाकावा, की प्रत्येक ठिकाणी वेगळा?

आठवड्याला चार-पाच तासच हाताशी असले की हा प्रश्न पडतोच. माझं मत आधीच सांगून टाकते: सोशल मीडियावरची दोन ठिकाणं निवडा, तिथे मनापासून बदल करा आणि बाकीची खुशाल सोडून द्या. कोणती दोन, हे ठरवायला एक साधा विषय घेऊ. सायकलची चेन घरच्या घरी कशी साफ करायची?

यूट्यूबवर माणूस हे शोधत येतो. चेन करकरतेय, हात काळे झालेत आणि त्याने सर्चमध्ये लिहिलंय, 'सायकल चेन आवाज'. म्हणजे शीर्षकात हेच शब्द हवेत, तेही सुरुवातीला. शीर्षकाला 100 कॅरेक्टरची मुभा असली तरी मोबाइलवर शेपूट कापलं जातं. व्हिडिओ आडवा, 16:9. आठ मिनिटांचा झाला तरी बिघडत नाही, कारण ज्याला खरंच चेन काढायचीय तो थांबवून थांबवून बघणारच. उभ्या शॉर्ट्समध्येही ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांपर्यंत जाता येतं. शिवाय दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओसुद्धा शोधणाऱ्याला सापडत राहतो. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

इन्स्टाग्रामवर चेनसाठी म्हणून क्वचितच कुणी येतं. अंगठा वर सरकत असतो आणि मध्येच तुम्ही उगवता. 'नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत' म्हणेपर्यंत समोरचा तीन रील पुढे गेलेला असतो. त्यामुळे पहिल्याच फ्रेममध्ये अर्धी काळीकुट्ट, अर्धी चकचकीत चेन दाखवायची आणि बोलायचं नंतर. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मजकूर पडद्यावर हवा. मात्र तो तळाशी नको, तिथे खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं. उजव्या कडेलाही नको, तिथे बटणं असतात. कॅप्शनमध्ये 2,200 कॅरेक्टर मावतात, पण 'आणखी'वर बोट न दाबणाऱ्याला पहिली ओळ-दोन ओळीच दिसतात. शिवाय कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही.

यूट्यूबच्या आडव्या व्हिडिओतून उभा तुकडा कापून रील करायचा मोह मलाही झाला होता. ब्रश मस्त दिसत होता, चेन मात्र चौकटीबाहेर. तेव्हापासून मी उभा शॉट वेगळाच घेते, 1080 बाय 1920. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क असलेला व्हिडिओही तसाच उचलून टाकू नका. असे रील कमी लोकांना सुचवले जातील, असं इन्स्टाग्रामने 2021 मध्येच सांगितलंय.

एक्सवर मोफत खात्याला 280 कॅरेक्टर मिळतात. (2017 पर्यंत 140च होती.) मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक छुपी कात्री लागते: काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. 'स्त्री' हा एवढासा शब्द सहा जागा खातो! इमोजी दोन आणि लिंक कितीही लांब असली तरी 23. इतक्या जागेत कृती सांगायला गेलात तर ती पाककृतीच्या फाटलेल्या पानासारखी वाटते. इथे मत टाकावं: 'चेनला तेल लावून ते पुसत नसाल, तर तुम्ही धूळ चिकटायची सोय करताय.' मग बघा, कोण कोण भांडायला येतं.

लिंक्डइनवर 3,000 कॅरेक्टर चालतात, पण पहिल्या दोन-तीन ओळींनंतर घडी पडते. तिथल्या वाचकाला चेनपेक्षा कामात रस असतो. 'नव्या शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी चेनच का साफ करायला देतो' अशी सुरुवात केली तर तोच विषय तिथे शोभतो. पीडीएफ चढवली की पानं सरकवत वाचता येतात, त्यामुळे कॅमेऱ्याला बुजणाऱ्यांची चांगली सोय होते.

फेसबुकवर तुमच्या पेजपेक्षा सायकलवाल्यांचा एखादा जिवंत ग्रुप जास्त कामाचा. तिथे व्हिडिओ टाकण्याऐवजी प्रश्न विचारा. व्हॉट्सॲप चॅनल आधीपासून ओळखणाऱ्यांना कळवण्यापुरतं ठीक. नवीन माणूस तिथे सहसा वाट चुकून येत नाही.

तेव्हा 'कसं करायचं' हे दाखवणारा विषय असेल तर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम. हाताला लिहायची सवय असेल आणि मतं ठाम असतील, तर लिंक्डइन आणि एक्स. दोन्ही गटांतलं एकेक घेऊ नका, कारण मग व्हिडिओही करावा लागतो आणि लेखनही, आणि चार-पाच तासांत दोन्ही अर्धवट राहतं.

आणि पहिली जोडी घेतलीत तर उभा आणि आडवा, दोन्ही कॅमेरे सुरुवातीलाच लावून ठेवा. चेन एकदा साफ झाली की दुसऱ्या शॉटसाठी ती परत काळी करता येत नाही.