एम३४०आय की एस५ : गोव्यासाठी वापरलेली वेगवान गाडी घेताना

बीएमडब्ल्यू एम३४०आय आणि ऑडी एस५ स्पोर्टबॅक या दोन्ही गाड्या मार्च २०२१ मध्ये भारतात आल्या आणि आज त्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात एकाच ग्राहकासमोर उभ्या राहतात. नवी असताना त्यांच्या किमतींत मोठी तफावत होती. चेन्नईत जुळणी होणाऱ्या एम३४०आयची शोरूम किंमत ६२.९० लाख रुपये होती, तर पूर्णतः आयात होणाऱ्या एस५ची ७९.०६ लाख.

दोन्हींत सुमारे तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो पेट्रोल इंजिन, आठ गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, हीही दोन्हींची ५०० न्यूटन मीटरच आहे. २०२१ ची एम३४०आय ३८७ अश्वशक्तीची होती आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीत हा आकडा ३७४ झाला. एस५ ३५४ अश्वशक्तीची आहे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला बीएमडब्ल्यूला ४.४ सेकंद लागतात, ऑडीला ४.८. पणजीच्या अटल सेतूवर किंवा नव्या झुवारी पुलावर हा फरक कोणालाही जाणवणार नाही, त्यामुळे केवळ या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

खरा फरक इंजिनाच्या रचनेत आणि जागेत आहे. बीएमडब्ल्यूचे सहाही सिलिंडर एका रांगेत असल्याने त्यांची कंपने एकमेकांना निरस्त करतात आणि इंजिन मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या कितीही वाढल्या तरी विलक्षण मऊपणे चढते. ऑडीचे व्ही आकाराचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे बसवलेले आहे. म्हणून चोर्ला घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर तिचे नाक थोडे जड वाटते, तर मागच्या चाकांना अधिक शक्ती देणारी एम३४०आय स्टिअरिंगच्या इशाऱ्यासरशी वळते. ऑडीची जमेची बाजू अशी की तिचा पूर्ण टॉर्क १,३७० फेऱ्यांपासूनच मिळतो, आणि दर दोन वळणांमागे गतिरोधक असलेल्या आमच्या गावांतल्या रस्त्यांवर तो वारंवार उपयोगी पडतो. भर पावसात, लाल माती वाहून आलेल्या उतारावर मात्र चारही चाकांना मिळणारी शक्ती दोन्ही गाड्यांत सारखाच दिलासा देते.

एस५चा मागचा दरवाजा काचेसह वर उघडतो, त्यामुळे मोठे सामान सहज आत जाते, परंतु उतरत्या छपरामुळे मागे बसणाऱ्या उंच माणसाच्या डोक्यावर फारशी जागा उरत नाही. तिच्या दरवाजांच्या काचांना चौकट नाही. गोव्यातल्या पावसाळ्यांत वापरलेली एस५ पाहताना त्या काचांभोवतीचे रबर आणि दरवाजाखालचा गालिचा हाताने चाचपून पाहावा.

स्वतः चालवण्याच्या आनंदासाठी घेणाऱ्याने, माझ्या मते, एम३४०आयच घ्यावी. एस५ त्याने घ्यावी, ज्याला सामानाची सोय आणि कमी फेऱ्यांतली सहज ओढ अधिक मोलाची वाटते. कोणतीही निवडली तरी चारही टायर एकाच बनावटीचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना, हे आधी पाहावे, कारण असमान टायरांवर चाललेल्या अशा गाडीत शक्ती वाटणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो. गाडी समुद्राजवळ उभी राहत असेल, तर ती लिफ्टवर चढवून तळाचे बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्या गंजल्या आहेत का, हेही तपासून घ्यावे.