पाणी मुरवणारं पार्किंग : १४ महिने वापरल्यावर

जुनं डांबर उखडून पाणी मुरेल अशी फरसबंदी करायची ठरली, तेव्हा आमच्यात सगळ्यात मोठा वाद झाला तो ब्लॉकच्या रंगावरून. राखाडी की विटकरी, यावर तीन बैठका गेल्या. खाली किती खडी घालायची यावर दहा मिनिटंही नाही. आज तो रंग कुणाच्या नजरेतही येत नाही. भरवसा सगळा त्या खडीवर आहे आणि कटकट सगळी बाजूच्या मातीची.

जागा ३० गाड्यांची. डांबराचा उतार मुळातच चुकलेला, त्यामुळे प्रत्येक मोठ्या पावसात मधोमध घोटाभर पाणी साचायचं. एकच साहित्य सगळीकडे न घालता आम्ही जागेचे भाग पाडले. मधला रस्ता आणि रोजच्या २० जागांना रुंद फटींचे पेव्हर ब्लॉक, कुंपणालगतच्या ६ जागांना गवत लावायचे जाळीदार ब्लॉक, अधूनमधून येणाऱ्यांच्या ४ जागांना प्लास्टिकच्या जाळीत भरलेली खडी आणि फाटकातल्या चढाला सच्छिद्र काँक्रीट. फार विचार करून केलं असं नाही. सगळ्यांची तोंडं बंद करायला केलेली वाटणी होती. पण त्यामुळे चारही प्रकार एकाच पावसात शेजारी शेजारी बघायला मिळाले.

पेव्हर ब्लॉकबद्दल एक गैरसमज आम्हालाही होता. ब्लॉक स्वतः पाणी पीत नाही. तो साधा, घट्ट, ८० मिमी जाडीचा काँक्रीटचा ठोकळा. पाणी जातं ते दोन ब्लॉकमधल्या फटीतून, आणि ती फट वाळूने नाही, बारीक धुतलेल्या खडीने भरायची असते. पहिल्याच दिवशी कामगार सवयीने वाळूची पाटी घेऊन आले. त्यांचं काय चुकलं? नेहमीच्या ब्लॉकला तेच लागतं. मी तिथे उभा नसतो तर वाळू भरून मोकळे झाले असते, आणि दिसायला हेच पण पाणी न पिणारं पार्किंग मिळालं असतं. ब्लॉकखालची ५० मिमी बैठकसुद्धा बारीक खडीची, खाली मध्यम खडी, त्याखाली मोठी. कुठल्याही थरात दगडाची भुकटी नको. नेहमीच्या रस्त्याला भुकटी चांगली, कारण ती पोकळ्या बुजवून थर घट्ट करते; इथे त्या पोकळ्याच तर हव्या असतात.

मोकळ्या खडीच्या थरात साधारण ४० टक्के पोकळी असते. आमचा थर ३५० मिमी, म्हणजे त्यात १४० मिमी पाऊस मावतो. कागदावर झकास. पण बाजूच्या डांबरी रस्त्याचंही पाणी आमच्याकडेच उतरतं, आणि त्या रस्त्याचं क्षेत्रफळ जवळपास आमच्याएवढंच. म्हणजे हिशेब थेट निम्म्यावर, ७० मिमी. हे गणित आराखड्याच्या वेळीच कुणीतरी मांडायला हवं होतं. आम्ही ते पहिला मुसळधार पाऊस झाल्यावर चहा पिता पिता मांडलं.

आमच्या खालची जमीन चिकणमातीची. तिच्यात पाणी मुरतं, पण तिच्या मर्जीने. म्हणून खडीच्या थरात छिद्रांचा पाइप टाकला आहे, तळाला न टेकवता थोडा वर. त्याच्याखालचं पाणी सावकाश जमिनीत जातं, वर चढलेलं पाइपातून बाहेर पडतं. शिवाय कोपऱ्यात झाकण असलेली एक उभी नळी आहे, तिच्यात टेप सोडून आत किती पाणी आहे ते बघता येतं. ती नळी ही या सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत आतलं पाणी ओसरायला हवं असा दंडक आहे. आमच्याकडे दोन दिवसांत ओसरतं. पाऊस सलग लागला की मात्र थर रिकामा व्हायला उसंत मिळत नाही, आणि पाइप नसता तर पाणी फटींतून परत वर आलं असतं.

आता मोजमाप. यासाठी प्रमाणित चाचणी आहे, आणि ती घरगुतीही करता येते. ३०० मिमी व्यासाची कडी फरशीवर ठेवायची, कडेने पुट्टी लावून पाणी निसटणार नाही असं करायचं, आधी थोडं पाणी ओतून जागा भिजवायची आणि मग १८ लिटर पाणी आत जायला किती वेळ लागतो ते बघायचं. काम नवं होतं तेव्हा सव्वा मिनिट लागलं. तासाच्या हिशेबात ते १२,००० मिमीच्या वर जातं. असा पाऊस कुठे पडत नाही, त्यामुळे आकडा ऐकून आम्ही सगळे खूश. आठ महिन्यांनी मधल्या रस्त्यावर तीन मिनिटं. तरीही ५,००० मिमी. वेग उतरतो, पण उतरायला जागाच एवढी आहे की चिंता नाही.

चिंता होती ती फुलझाडांच्या वाफ्याशी. वाफ्याची माती फरशीपेक्षा हातभर उंच, आणि कठडा बुटका. प्रत्येक पावसात आणि प्रत्येक पाणी घालण्यात थोडी माती फटींत. तिथे १८ लिटर पाणी ओतण्यात अर्थच नव्हता; पाचवा हिस्सा, म्हणजे ३.६ लिटर ओतलं, तर ते जायला ४० मिनिटं लागली. तासाला ७५ मिमीच्या आसपास. म्हणजे जोराच्या सरीत तिथे पाणी साचणारच, आणि साचलंच. अख्ख्या पार्किंगमध्ये तेवढी एक पट्टी आणि तिच्यासाठी ऐकून घ्यावं लागलं ते मात्र सगळ्या कामाबद्दल. शेवटी कठडा उंच केला, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, त्या पट्टीतल्या फटी वरून दोन-तीन सेंमी खरवडून नवी खडी भरली. माती वरच्या तेवढ्याच भागात अडकते, खोल जात नाही, म्हणून हे जमतं. नंतर तिथलं पाणी पुन्हा झटपट जायला लागलं.

सच्छिद्र काँक्रीट हा माझा हट्ट होता, तेव्हा त्याचं मीच सांगतो. त्यात वाळू जवळजवळ नसते. खडीच्या दाण्यांना सिमेंटचा लेप आणि दाण्यांमध्ये पोकळी. दिसायला चिक्कीसारखं. पाणी ओतलं की डोळ्यांदेखत नाहीसं होतं, पाहुण्यांना दाखवायला याच्याइतकी मजा दुसऱ्या कशात नाही. पण त्यात पाणी इतकं कमी असतं की ओतल्यावर काही मिनिटांतच प्लास्टिकने झाकावं लागतं आणि आठवडाभर झाकूनच ठेवावं लागतं. आमच्या ठेकेदाराने वरचा अर्धा भाग वेळेत झाकला, खालच्या अर्ध्याच्या वेळी माणसं जेवायला गेली. आज ती रेघ सहज ओळखता येते. खालच्या भागाची खडी सुटून दाणे दाणे होतात, आणि नेमकी तिथेच गाड्या उभ्या जागी स्टिअरिंग फिरवतात. जागेवर चाक पिळणं हा सच्छिद्र काँक्रीटचा आणि सच्छिद्र डांबराचाही मोठा वैरी. शिवाय चढावर पाणी थरातल्या थरात खाली सरकतं आणि पायथ्याशी वर येऊ पाहतं. त्यासाठी आत आडवे बांध घालावे लागतात. आमच्याकडे एक आहे, दोन हवे होते.

सच्छिद्र डांबर आम्ही घेतलं नाही, पण ते टिकतच नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अमेरिकेत वॉल्डन पाँडच्या पार्किंगमध्ये ते १९७७ साली घातलं गेलं आणि पुढे दशकानुदशकं पाणी मुरवत राहिलं. फक्त त्यावर वरून नेहमीच्या डांबराचा हात मारायचा मोह कुणालाही होऊ नये.

गवताच्या ब्लॉकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण गवतच राहिलेलं नाही. गाडी दिवसभर उभी, खाली ना ऊन ना पाणी, वर इंजिनाची धग. सहापैकी चार जागांत आता जाळी आणि माती आहे. उरलेल्या दोन जागांचे मालक बहुधा बाहेरगावी असतात, तिथे हिरवळ सुरेख आहे. अर्थ स्पष्ट आहे: हे ब्लॉक क्वचित भरणाऱ्या जागांसाठी. आम्ही रोजच्या जागांना दिले, चूक आमची. पुढच्या महिन्यात गवताच्या जागी खडी भरणार आहोत.

प्लास्टिक जाळीने मात्र मला खोटं पाडलं. मी तिला खेळणं म्हणत होतो. चाकाखाली खडी सरकत नाही, चाकोऱ्या पडल्या नाहीत, पाणी तर विचारूच नका. अट एवढीच की भरलेली खडी कोनांची, फोडलेली असावी. गोल गोटे टिकत नाहीत. तक्रारी दोन. जाळीच्या वर चढलेली खडी टायरच्या खाचेतून पार जिन्यापर्यंत पोचते. आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना ती अजिबात चालत नाही. त्यांच्यासाठीची जागा ब्लॉकवर घ्या, फट १३ मिमीपेक्षा रुंद नसलेली. आमची आधी खडीवर होती. ती बदलायला कुणी तक्रार करेपर्यंत आम्ही थांबलो, याची लाज वाटते.

तेलाचे डाग पडतात. थेंबभर तेलाचं खडीतले सूक्ष्मजीव हळूहळू विघटन करतात, पण गळकी गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी करायला ही सबब नाही. गॅरेजचं काम चालतं अशा जागी, किंवा जिथे भूजल अगदी वर आहे तिथे, हे पाणी जमिनीत सोडूच नये.

देखभाल म्हणाल तर वर्षातून दोनदा ओढून घेणारं झाडू-यंत्र, एरवी साधा झाडू, आणि तोही कोरड्या दिवशी. जोराच्या पाण्याचा फवारा फटींवर उभा मारू नका. आम्ही मारला, आणि फटींतली अर्धी खडी शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर गेली. कडेला वाळूचा किंवा सिमेंटचा ढीग टाकू देऊ नका. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी घराचं काम निघालं आणि कामगारांनी माल नेमका मधल्या रस्त्यावर कालवला. तो एक चौरस मीटर कायमचा मेला आहे. ब्लॉक उचलून खालची बैठक बदलायची म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं काम, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर बैठक अजून व्हायची आहे.