चाक खाली सोडणारे साताऱ्याचे मिस्त्री

आमचा गोठा ठोसेघरच्या वरच्या अंगाला. डांबरी संपली की आमच्याच रानातून दीड किलोमीटर कच्ची वाट, आणि मोरीपाशी ओघळाने ती तिरकी कापलेली. तिथे आमच्या जुन्या जिप्सीचं पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक अधांतरी व्हायचं. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी, मोकळं चाकच फिरवत राहतं, त्यामुळे फोर बाय फोर टाकूनही गाडी जागच्या जागी. गेल्या श्रावणात 40 लिटरचा भरलेला कॅन तिथेच आडवा झाला. सकाळची सगळी धार ओघळात गेली. मला रडूच आलं.

आधी एका गॅरेजवाल्याने जादा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, घालून गाडी उंच करून दिली होती. दिसायला रुबाबदार, पण पाटे असे ताठ झाले की चाकं आणखीच लवकर उचलायची. मग दिरांनी साताऱ्यात एमआयडीसीच्या मागे हे मिस्त्री शोधले. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "वहिनी, उंचीचं काय करायचं? चाक खाली सुटलं पाहिजे."

त्यांनी जादा पाटे काढून लांब आणि मऊ पाटे बसवले, शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणारे हलते दुवे, वाढवले, लांब दांड्याचे शॉकअप घातले. चाक पूर्ण खाली गेल्यावर ताणून फाटू नये म्हणून ब्रेकचे होज पाइप लांब केले, आणि वर आल्यावर टायर मडगार्डला घासू नये म्हणून रबरी ठोकळे लावले. चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची, सरकती जोडी पुरते का, तेही मापून पाहिलं. होज पाइपचं मला तरी सुचलं नसतं.

चाचणी मी स्वतः उभी राहून पाहिली. लोखंडी उतारावर पुढचं एक चाक चढवत न्यायचं. त्याच बाजूच्या मागच्या चाकाखाली पेपरचा तुकडा. तो ओढल्यावर सुटला की थांबायचं. काम करण्याआधी 1000 मिलिमीटरवर पेपर सुटला होता, नंतर 1650 वर. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2375 मिलिमीटर, म्हणजे चढलेलं अंतर त्याच्या हजारात 421 वरून 695 वर गेलं. आकडा जितका मोठा, तितकी चाकं जमीन धरून राहतात.

खर्च 78,000. पंधरा दिवस सांगून चाळीस लावले आणि त्या काळात फोन उचलत नव्हते, याचा मला फार राग आला. वळणावर गाडी आता जास्त झुकते. ते मात्र त्यांनी देतानाच बजावलं होतं. महिन्याभरात मागच्या शॅकलचा बुश कुरकुरायला लागला, तर स्वतः वर येऊन बदलून गेले, पैसे घेतले नाहीत.

मोरीपाशी दीर आता लो गिअर टाकून सावकाश उतरतात. चारही चाकं मातीला धरून असतात, कॅन जागचा हलत नाही.

गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असल्या बदलांना आडवं येतं. आमची रानाबाहेर जात नाही. मिस्त्रींकडेसुद्धा टेम्पोवर चढवून नेली आणि तशीच आणली.