लग्नाच्या फोटोग्राफीचं पॅकेज: कोटेशनमध्ये काय नसतं

दोन फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला, ड्रोन, टीझर, 'अनलिमिटेड' फोटो, 40 पानी अल्बम आणि पेनड्राइव्ह. लग्नाच्या फोटोग्राफीचं पॅकेज बहुतेक याच साच्यातलं असतं. सेवा म्हणून त्याचं परीक्षण करायचं तर ड्रोन आणि टीझर बाजूला ठेवलेले बरे, ती सजावट आहे. त्या दिवशी कॅमेरा नेमका कोणाच्या हातात असेल आणि फाइल्स कुठे, किती दिवस राहतील, यावर व्यवसायाची सचोटी कळते. आणि कोटेशनमध्ये हेच लिहिलेलं नसतं.

'अनलिमिटेड' हा शब्द तर खोडूनच घ्यावा. आठ तासांच्या कामात दोन कॅमेऱ्यांवर तीन-चार हजार फ्रेम सहज पडतात. त्यात डोळे मिटलेले असतात, फोकस हुकलेला असतो, एकाच क्षणाचे सात-सात फोटो असतात. त्यातून निवडणं हे फोटोग्राफरचंच काम. ते टाळून सगळा ढीग गिऱ्हाइकाच्या पदरात घालणं म्हणजे उदारपणा नव्हे. निवडलेले आणि रंग-उजेड सुधारलेले फोटो तासाला 50 ते 100 मिळाले तर व्यवहार रास्त समजावा. 'एडिटेड' म्हणजे काय तेही विचारावं. रंगसुधारणा सगळ्या फोटोंना होते, पण चेहऱ्यावरचं बारीक रिटचिंग मोजक्याच फोटोंना. तो आकडा कोटेशनमध्ये वेगळा लिहिलेला हवा.

पोर्टफोलिओ पाहून भुलणं सोपं असतं. मॉडेल आणून, उजेड लावून, वर्कशॉपमध्ये काढलेले फोटोही त्यात बेमालूम मिसळलेले असतात. म्हणून निवडक 30 फोटो न मागता एकाच समारंभाची पूर्ण गॅलरी मागावी, तीही कमी उजेडाच्या हॉलमधली. घाईच्या क्षणी आणि पिवळ्या-निळ्या दिव्यांखाली त्वचेचे रंग कसे आलेत, ते तिथे झाकता येत नाही. शिवाय गॅलरी ज्याने काढली तोच माणूस येणार का? मोठे स्टुडिओ एका तारखेला चार कामं घेतात आणि बाहेरची माणसं पाठवतात. त्यात गैर काही नाही, लपवणं गैर. करारात माणसाचं नाव असावं आणि तो आजारी पडला तर बदली कोण येईल, हेही.

आता मेमरी कार्डाची गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. कॅमेऱ्याला कार्डाचे दोन स्लॉट आहेत, एवढ्यावर समाधान मानू नये. मेन्यूमध्ये दुसरं कार्ड 'ओव्हरफ्लो'वर असेल, तर पहिलं भरल्यावरच दुसरं वापरलं जातं. पहिलं बिघडलं की त्यावरचे फोटो गेले. 'बॅकअप'वर असेल तरच प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. मग ओव्हरफ्लो का ठेवतात? एक म्हणजे कार्डं दुप्पट लागतात. दुसरं असं की काही कॅमेऱ्यांत दोन स्लॉटचा वेग वेगळा असतो. 2018 च्या सोनी ए7 थ्रीमध्ये एकच स्लॉट यूएचएस-टू, म्हणजे जास्त वेगाचा आहे, त्यामुळे दोन्हीकडे लिहिताना गती हळू स्लॉटची मिळते. आणि त्याच वर्षी आलेल्या निकॉन झेड6 आणि कॅनन ईओएस आर या कॅमेऱ्यांना स्लॉटच एक. असा कॅमेरा घेऊन येणारा वाईट फोटोग्राफर ठरत नाही, पण जोखीम आधी सांगणं त्याचं काम आहे.

समारंभानंतर पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 चा नियम लागू होतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. 'आमच्याकडे रेड आहे', म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला साठा आहे, हे उत्तर पुरत नाही. एखादी डिस्क बिघडली तरी रेडमुळे काम चालू राहतं. पण फाइल चुकून पुसली गेली तर ती तिथूनही पुसलीच जाते. प्रती उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाहीत ना, हा प्रश्न जरूर विचारावा. चांगला व्यावसायिक त्याचं उत्तर चटकन देतो, टाळाटाळ झाली तर समजून जावं.

अल्बममध्ये घोळ पानांच्या मोजणीपासून सुरू होतो. 40 पानं म्हणजे बहुधा 20 शीट. 12×36 इंचांच्या शीटवर एकच फोटो आडवा पसरला की बघायला भव्य वाटतं, पण हिशेब करा. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000×4000 पिक्सेलचा; 36 इंचांवर ताणला की इंचाला जेमतेम 167 पिक्सेल उरतात आणि उंचीतला निम्मा फोटो कापावा लागतो. मधल्या घडीत कोणाचा चेहरा आला तर बघायलाच नको. तोच फोटो 12×18 च्या अर्ध्या शीटवर न कापता बसतो, इंचाला 333 पिक्सेलने. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या दर्जात आलेला 1600 पिक्सेलचा फोटो डिझायनरने याच जागी टाकला तर 89 पिक्सेल. छापण्याआधी प्रूफ दाखवायचं आणि किती दुरुस्त्या पॅकेजमध्ये धरल्यात ते लिहून द्यायचं, एवढं लॅबवर न ढकलता स्टुडिओने करायला हवं.

4के व्हिडिओतून काढलेली फ्रेम फोटो म्हणून खपवली जाते, तीही ओळखता येते. ती 3840×2160, म्हणजे सुमारे 8.3 मेगापिक्सेलची असते आणि हलणारे हात त्यात पुसट येतात, कारण सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओला शटर सहसा 1/50 सेकंद उघडं ठेवतात.

हक्कांची ओळही वाचून घ्यावी. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा असतो. अमेरिकेत सहसा फोटोग्राफर. म्हणून छापील करारात बारीक अक्षरांत हक्क फिरवलेले असू शकतात. जाहिरातीसाठी फोटो वापरायची परवानगी वेगळ्या सहीने मागणारा स्टुडिओ आमच्या मते जास्त गुणांचा, मग त्याचे फोटो थोडे साधे का असेनात.

शेवटचा हप्ता देण्याआधी पेनड्राइव्ह त्यांच्यासमोरच लावून चार-पाच फाइल्सचं पिक्सेलमाप बघावं आणि सगळं त्याच दिवशी हार्डडिस्कवर उतरवावं. पेनड्राइव्हमधला डेटा वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर हळूहळू खराब होऊ शकतो, आणि स्टुडिओ मूळ फाइल्स किती महिने ठेवणार याची तारीख पावतीवर नसेल तर ती तिथेच लिहून घ्यावी.