एका सहीने माझा १६ आठवड्यांचा पगार गेला

बोटीवर १४ वर्षं काढून मी एका कागदावर फसलो, हे लिहायला लाज वाटते. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. तरी लिहितोय, कारण आमच्या दापोली-गुहागरकडची पोरं बोटीवर नोकरी लावून देणाऱ्या याच एजंटाकडे अजून जातात.

१४ मार्च २०२४ ला यूएईतल्या फुजैरा बंदरात बोट बांधताना दोर तुटून माझ्या उजव्या नडगीवर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलं. मला इस्पितळात उतरवून बोट निघून गेली. तिसऱ्या दिवशी एजंटाचा तिथला माणूस आला, आपलाच मराठी बोलणारा. "दादा, तिकीट काढायचंय, साइन ऑफच्या दोन सह्या द्या." साइन ऑफ म्हणजे बोटीवरची नोकरी संपवून उतरणं.

कारणाच्या रकान्यात छापलं होतं, 'ओन रिक्वेस्ट'. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा, "मला अपघात झालाय, मग स्वतःच्या विनंतीवरून कसं?" तो म्हणाला, "सिस्टिममध्ये तेवढंच येतं." तिथेच हात मागे घ्यायला हवा होता! मेडिकल साइन ऑफ वेगळा असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. खाली लिहिलं होतं, सर्व येणी मिळाली, पुढे दावा नाही, आणि रकमेची जागा कोरी. पण अंगात इंजेक्शनची गुंगी, घरी बायकोला सातवा महिना, आणि सही केल्याशिवाय तिकीट नाही. त्या खाटेवर कोणीही सही केली असती, असं मी आजही म्हणतो. पण कागदाचा फोटो तरी काढायचा होता. मोबाइल उशाशीच होता.

आता हिशोब. पगार महिना १,२०० डॉलर, बेसिक ६६०. एमएलसी, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे जखमी खलाशी घरी पोचेपर्यंत पूर्ण पगार. पुढचा पूर्ण की काही भाग, ते देशाचा कायदा किंवा नोकरीचा करार ठरवतो. कायदा त्याला मुदत घालू शकतो, पण अपघातापासून १६ आठवड्यांपेक्षा कमी नाही. माझ्या करारात पुढे बेसिक होता. घरी पोचेपर्यंतच्या १२ दिवसांचे ४८०, १६ आठवड्यांतल्या उरलेल्या १०० दिवसांचे २,२००. एकूण २,६८० डॉलर, ८३ च्या भावाने २,२२,४४० रुपये. मिळाले ४५,०००. त्यातलेही ३८,००० एजंटाने "इन्शुरन्सची फाइल उघडायला" म्हणून परत घेतले. अशा फाइलला खलाशाने एक रुपयाही द्यायचा नसतो. राहिले ७,०००. रत्नागिरीच्या ऑपरेशनचे १,८६,००० मी भरले, तेही खरं तर मालकाचं देणं.

मग कुबड्या घेऊन मुंबईच्या सात फेऱ्या. एका सरकारी कार्यालयात म्हणाले, बोट पनामाच्या झेंड्याची, म्हणजे तिथे नोंदलेली, आम्ही काय करणार? अहो, पनामाने एमएलसी मान्य केलंय, भारतानेही २०१५ मध्ये केलंय, आणि मला भरती केलं ते इथे, नवी मुंबईत बसून! पुढच्या फेरीला कळलं, एजंटाने दाखवलेला आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या लायसन्सचा, नंबर दुसऱ्याच कंपनीचा. तो नंबर डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत नावासकट जुळवून बघा, जायच्या आधी. मी बघितला नव्हता. झालं, लायसन्स नाही म्हणजे आमचा विषय नाही, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले, समुद्रावरचं प्रकरण, शिपिंगवाल्यांकडे जा. चार तास बाकड्यावर बसवून एकाने विचारलं, "सही तुमचीच ना?" युनियनमध्ये साहेब रजेवर. तीन वेळा रजेवर! मोडलेल्या पायाने जिने चढणाऱ्या माणसाला खुर्ची द्यावी, एवढंही कोणाला सुचलं नाही.

कोऱ्या रकमेवर सही करू नका. कॅप्टनकडून अपघाताच्या रिपोर्टची प्रत बोटीवरून उतरण्याआधीच घ्या, नंतर कोणी देत नाही. 'दावा नाही' लिहिल्याशिवाय पैसे नाहीत असं एजंट म्हणाला तर घाबरू नका. अपंगत्वाच्या भरपाईसाठी एमएलसीनेच जो पावतीचा नमुना दिलाय, त्यातसुद्धा पैसे घेऊनही कोर्टात जायचा हक्क शाबूत ठेवलाय.

त्या एजंटाचा मोबाइल नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसवर विमानतळावरचा फोटो होता, बॅगा घेतलेली चार पोरं. त्यातला एक आमच्याच वाडीतला. त्याच्या आईला रात्रीच फोन केला, पण तो तोवर विमानात बसला होता.