ताईच्या शेवटच्या आजारपणात घरी येणारी उपशामक सेवा: आमचा अनुभव

ताईला फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो आता बरा होण्यातला नाही. तिच्यासाठी आम्ही घरी येणारी उपशामक सेवा, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणारी सेवा, घेतली. वेदनेच्या औषधांबरोबर ध्यान, हलका मसाज आणि एक्युप्रेशरही त्यातच मिळतं. कुणी विचारलं तर मी जरूर घ्या असंच सांगेन.

ध्यान शिकवायला येणाऱ्या सिस्टरांनी ताईला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलंच नाही. ज्याला आधीच दम लागतोय, त्याने श्वासच न्याहाळत बसायचं म्हटलं तर जीव आणखी घाबरा होतो. त्यांनी तिचे तळहात मांडीवर ठेवले आणि कापड कसं लागतंय, ऊब कुठे जाणवतेय, एवढंच विचारलं. मग हातात धरायचा छोटा पंखा तिच्या तोंडासमोर धरला. गालांवर आणि नाकापाशी वारा लागला की धाप कमी जाणवते. ताईने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "डाव्या गालाला जास्त लागतोय." कानांपर्यंत चढलेले तिचे खांदे हळूहळू खाली आले. गाठ आहे तिथेच आहे, पण धाप लागली की तिला हाताशी काहीतरी आहे. माझ्या लेखी हे फार मोठं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे काढे आणि जडीबुटी. आजार मोठा असला की येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवतो, आणि डॉक्टर रागावतील म्हणून घरचे ते लपवतात. इथल्या डॉक्टरांनी आधी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला सांगितल्या आणि एकेक शांतपणे वाचली. एका काढ्यात ज्येष्ठमध होतं. ते बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, आणि ताईला सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, तिनेही पोटॅशियम कमी होतं. तो काढा तेवढा बंद केला. उरलेल्यांपैकी काय चालेल, काय नको, ते कारणासकट सांगितलं. काढा आणणाऱ्या मावशींना कुणी दुखावलं नाही.

मसाजच्या आधीही चौकशी होते: प्लेटलेट्स किती, हाडात गाठ पसरली आहे का, पायाला एका बाजूने सूज आहे का. पायात रक्ताची गुठळी असेल तर चोळणं जिवावर बेतू शकतं. मळमळीसाठी मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (हाताला लागणाऱ्या दोरीसारख्या शिरांच्या) मधे दाबायचं त्यांनी मला शिकवलं. ताईला त्याने कधी बरं वाटतं, कधी नाही. मळमळीची गोळी चालूच आहे, आणि ती सोडा असं इथे कुणी म्हणत नाही. ध्यानाने कर्करोग जाईल असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ध्यानासाठी या सेवेकडून मिळणारी ध्वनिमुद्रणं मात्र बदलायला हवीत. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सुरू केलेल्या ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात शरीरभर लक्ष फिरवण्याचं ध्यान पाऊण तासाचं असतं, आणि या सेवेची मुद्रणंही जवळपास तेवढीच लांब आहेत. ताईला पाच मिनिटांतच ग्लानी येते. भाषाही जड, प्रवचनासारखी. सिस्टर समोर बसून दोन वाक्यांत सांगतात तेच मुद्रित करून द्यावं. आणि धाप वाढते ती रात्री, तेव्हा फोनवर बोलायला कुणी मिळत नाही. तेवढी सोय लवकर करा, ही कळकळीची विनंती.