पाटणची ओतीव तारा: घ्यायची असेल तर आधी हे वाचा

काठमांडूला लागून पाटण म्हणजे ललितपूर आहे, तिथे महाबौद्ध मंदिराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमधे मूर्तिकारांची दुकानंच दुकानं, शाक्य म्हणजे तिथल्या नेवार बौद्ध समाजातली मंडळी, त्यांचा हा पिढीजात धंदा. तिथून वीतभर उंचीची तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली हिरवी तारा, म्हणजे बौद्धांची तारा देवी, तिची मूर्ती घेतली आणि मला ती भयंकर आवडलीय, पैसे पूर्ण वसूल.

आता मूर्ती सोनेरी, मग हिरवी कशावरून? तर बसण्यावरून. उजवा पाय खाली सोडलेला असतो आणि तो एका छोट्या कमळावर टेकलेला, म्हणजे हाक मारली की लगेच उठून धावणारी. उजवा हात गुडघ्यावर वरद मुद्रेत, म्हणजे तळहात समोर करून वर देणारा, डावा छातीशी, त्यात निळ्या कमळाचा देठ. माझ्या मूर्तीत तो देठ अंगठा आणि अनामिकेत धरलाय आणि बाकीची तीन बोटं वर, ती बुद्ध, धम्म, संघाची. एवढ्याशा हातावर प्रत्येक बोट सुटं आणि नखासकट, बघतच राहावं असं काम आहे. पांढरी तारा मांडी घालून बसते आणि तिला सात डोळे, कपाळावर एक, तळहातांवर दोन, तळपायांवर दोन आणि नेहमीचे दोन. हे सांगायचं कारण म्हणजे ऑनलाइन एका साइटवर 'ग्रीन तारा' म्हणून जी विकतात तिच्या दोन्ही पायांची मांडी आणि तळहात कोरे, म्हणजे ना ही ना ती, नुसती मुकुट घातलेली बाई. देवाची मूर्ती घरात आणायची तर लक्षणं बरोबर हवीतच ना! पाटणला पैसे द्यायचे ते यासाठी, घडवणाऱ्याला प्रत्येक बोटाचा अर्थ माहीत असतो.

काम कसं चालतं तेही बघायला मिळतं. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर माती, शेण, भाताच्या तुसाचे थर, वाळलं की तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं तांबं ओतायचं, मग साचा फोडायचा. त्यानंतरचं कोरीवकाम खरं वेळखाऊ, आणि किमतीतला फरक तिथेच पडतो. मुलामा अस्सल आहे का ते नक्की विचारा, जुनी पद्धत पाऱ्यात सोनं मिसळून तापवायची आहे, स्वस्तातल्या मूर्तींवर नुसता रंग असतो.

विष्णू घेणार असाल तर चार हात नीट बघा. आपण संध्येत केशवाय नमः, नारायणाय नमः अशी जी चोवीस नावं घेतो ना, ती मूर्तिशास्त्रात चोवीस रूपं आहेत, शंख, चक्र, गदा, पद्म तेच, फक्त कुठलं कुठल्या हातात ते बदलतं. मी एका दुकानात हे विचारलं तर तिथल्या काकांनी कपाटातून दोन मूर्ती काढून शेजारी ठेवून दाखवल्या, अजिबात कंटाळले नाहीत.

न आवडलेलं एकच, चेहरा. बऱ्याच मूर्तींचे चेहरे तिबेटी पद्धतीने सोनेरी रंगवून डोळे, ओठ रंगात काढलेले असतात, मला ते भडक वाटतं. बिनरंगाच्या मागा, असतात, फक्त आत ठेवलेल्या असतात. औरंगाबादच्या सात नंबरच्या लेण्यातल्या तारा ज्यांनी बघितल्यात त्यांना कोऱ्या दगडातला तो शांत चेहराच जास्त भावेल असं मला वाटतं.

जमलं तर खरेदीआधी दरबार चौकातलं पाटण म्युझियम बघून घ्या, मुद्रा, आयुधं, वाहनं सगळं सोपं करून मांडलंय, तिथून बाहेर पडून दुकानात गेलात की आपोआप चुका दिसायला लागतात. आणि जुनी मूर्ती नेपाळबाहेर नेता येत नाही, नवीन मूर्तीही जुन्यासारखी दिसत असेल तर पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो, तो दुकानदाराकडूनच करून घ्या, बिलही पक्कं घ्या.